माळावरची भरलेली विहीर

जामखेड तालुक्यातल्या एका विहिरीचं प्रकरण पोलिसातली नोकरी संपल्यावरही माझ्या मनातून गेलेलं नाही.

ऐन उन्हाळा होता. पाण्याचा सरकारी टँकर येईनासा झाला म्हणून एका वस्तीवरची बाई दूरच्या खडकाळ विहिरीवर पाणी शेंदताना पाय घसरून पडली आणि गेली. आकस्मिक मृत्यूची नोंद झाली, पंचनामा झाला. संशयास्पद काही नव्हतं. अंत्यविधीनंतर तिची जाऊ ठाण्यात आली आणि सरळ माझ्या टेबलासमोर उभी राहिली.

"सायेब, आमच्या वस्तीचा टँकर बंद झाला न्हवता. त्यो माळावरच्या हिरीकडं जात हुता. म्या सोता पाह्यलाय."

त्या माळावरच्या विहिरीवर तेव्हा एक पथक पाहणी करत होतं. जिल्ह्यात ऊन आणि वारा भरपूर. त्यांच्यापासून वीज करायची, त्या विजेने पाण्यातून हायड्रोजन काढायचा आणि गॅसच्या पाइपलाइनमध्ये मिसळायचा, हे कुठल्या भागात जमेल ते त्यांना ठरवायचं होतं. विजेची अडचण नव्हती, प्रश्न पाण्याचा होता. मी पोहोचलो तेव्हा पथकप्रमुख इंजिनिअर बाई पोहऱ्यातलं पाणी हुंगत होत्या.

"एवढं पाणी पाहून बरं वाटलं होतं," त्या म्हणाल्या. "पण याला ब्लीचिंग पावडरचा वास येतोय."

पिण्याच्या पाण्यात ती पावडर टाकतात. ही विहीर तर शेतीची होती. म्हणजे टँकरचं पाणी हिच्यात ओतलं जात होतं.

टँकरचालकाला बोलावून घेतलं. दरडावलं नाही. "त्या बाईच्या घरी जाऊन आलास का?" एवढंच विचारलं. तो रडायला लागला आणि त्याने सरपंचाचं नाव घेतलं.

सरपंच मयत बाईचा चुलत दीर. टोपी हातात घेऊन समोर बसला. काही नाकारलं नाही.

"हीर भरल्याली दिसली तर परकल्प यील, पोरं गावात ऱ्हातील, म्हनून केलं. वाटलं, थोडे दिस वस्ती काढंल कळ."

"वस्तीला विचारलं होतं?"

"न्हाई."

जबाबावर सही केल्यावर तो म्हणाला, "त्या म्याडमला सांगा, हीर कोरडी हाय."

"तुम्हीच सांगा," मी म्हणालो.

त्याने जाऊन सांगितलं. इंजिनिअर बाईंनी ऐकून घेतलं आणि त्या विहिरीची नोंद रद्द केली.

टँकर वळवल्याचा गुन्हा दाखल झाला. मृत्यूची जबाबदारी मात्र कायद्याने त्याच्यावर टाकता येईना. हे सांगायला मी त्या जावेकडे गेलो. ती चुलीपुढून उठली नाही.

"मग कागदावर काय ऱ्हानार? पाय घसरला?"

"हो."

"घसरला, ह्ये खरंच हाय," ती म्हणाली आणि भाकरी उलटली.

गुन्ह्यात फायदा कुणाचा झाला ते आधी शोधा, असं आम्हाला शिकवलेलं. इथे सरपंचाने स्वतःसाठी थेंबही घेतला नव्हता. गावाचं भलं करायचं म्हणून त्याने ते पाणी वळवलं होतं. त्यानंतर कुणी गावाच्या भल्याचं बोलू लागलं की मी आधी विचारायचो, हे कुणाच्या वाट्याचं आहे, आणि त्यांना ते माहीत आहे का?