राळ भरलेली टाकी

भिवा केणे गेला तेव्हा त्याच्याविषयी चार शब्द बोलायला कुणी उभं राहिलं नाही. आमच्या खाडीकाठच्या आगरी गावात तशी पद्धतच नव्हती. माणसाला पोचवून यायचं, बाराव्याला जेवायचं आणि दुसऱ्या दिवशी मिठागरावर कामाला जायचं. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलायला लोकांना उगाचच लाज वाटते. म्हणून मी लिहायला बसलो आहे. लिहिताना माझी स्वतःची चूकही येणार, ती मी झाकणार नाही.

मी म्हणजे १९४८ साली ठाण्याच्या कचेरीतली कारकुनी सोडून शेती करायला आलेला एक शहाणा. डोंबिवलीच्या दक्षिणेला, खाडीच्या बाजूला अकरा एकर जमीन घेतली तेव्हा माझी बायको उत्तरा एवढंच म्हणाली की, गॅलरीतल्या कुंडीतला गुलाब आधी जगवून दाखवा. गावकरी मला अण्णा म्हणत आणि माघारी हसत. हसण्यासारखंच होतं. मला भात आणि नाचणीची रोपं ओळखता येत नव्हती, पण ओढ्याच्या डोहावर ऑइल इंजिन बसवून उन्हाळी भाजीपाला काढायचं खूळ मात्र डोक्यात पक्कं होतं.

भिवा माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठा. गावाचा दादूस, म्हणजे थोरला भाऊ. धंदा होड्या दुरुस्त करण्याचा. रेती, गवत, मीठ वाहणारे पडाव चिखलात आडवे करून त्यांच्या फळ्यांच्या सांध्यांत तो कापूस ठोकायचा आणि वरून करंजेलात कढवलेली राळ भरायचा. मुंब्र्यापासून कल्याणच्या बंदरापर्यंतचे नाखवे, म्हणजे होड्यांचे मालक, त्याच्याकडे यायचे. त्याने भरलेल्या सांध्यातून पाणी आत आलं असं कुणी कधी ऐकलं नव्हतं. तोही हे जाणून होता. कामाला बसला की पानसुपारीसुद्धा दुसऱ्याने तोंडात घालायची आणि मध्ये कुणी शहाणपण सांगितलं की तो हातोडी खाली ठेवून त्या माणसाकडे नुसता बघत राहायचा. त्याची बायको तुळसा म्हणायची, ह्याला देवाने जीभ घडवायला वेळच दिला नाही, सगळा वेळ हातांवर गेला.

गावात विहिरी चार होत्या, पण तिन्हींचं पाणी मचूळ, खाडीचा अंश असलेलं. पिण्याची अशी एकच, गोडी बाव. ती माझ्या शेताच्या खालच्या अंगाला, भिवाच्या दारापासून पन्नास पावलांवर. सकाळ-संध्याकाळ सगळं गाव तिथे हंडे घेऊन यायचं. तिच्याशिवाय गोडं पाणी तीन मैलांवर, मानपाड्याला.

इंजिनाला लागणारं डिझेल, ज्याला आम्ही तेव्हा क्रूड म्हणत होतो, कल्याणहून पिंपांतून बैलगाडीने यायचं. रस्ता असा की गाडी कधी पोचेल याचा नेम नाही. ऐन वेलीला फुलं असताना इंजिन दोनदा बंद पडलं, तेव्हा मी ठरवलं की मोठी टाकी घ्यायची आणि हंगामाचं तेल एकदम भरून ठेवायचं. कल्याणला भंगारवाल्याच्या आवारात लढाईनंतर छावणीतून निघालेला माल पडून होता. त्यातली एक लोखंडी टाकी मी घेतली. पत्र्याचे तुकडे रिबिटा मारून जोडून केलेली, आडवी, माणूस आत वाकून बसेल एवढी. आत पूर्वी काय होतं ते भंगारवाल्याला माहीत नव्हतं, वासावरून पेट्रोल असावं. तीन ठिकाणी सांधे झिरपत होते. ठाण्याचा वेल्डिंगवाला म्हणाला, जिच्यात पेट्रोल होतं तिला मी ज्योत लावणार नाही, मला बायकामुलं आहेत. त्याचं बरोबरच होतं.

मग मी भिवाला बोलावलं. आधी पंधरा दिवस झाकण उघडं ठेवून तिला वारा दिला. मग सोड्याच्या गरम पाण्याने धुतली. भिवा नाकाला फडकं बांधून आत उतरला आणि काथ्याने गंजाच्या खपल्या काढत राहिला. बाहेर येऊन तिच्याभोवती एक फेरी घातली, बोटांनी सांधे चाचपले, आणि त्याच्या मानाने लांबलचक बोलला.

"अण्णा, ही पन होरीच. होरीत पानी शिरू द्याचा नाय, हिच्यातला भाईर जाऊ द्याचा नाय. कामाचा फरक नाय."

मला ते पटलं. फार पटलं, कारण मला घाई होती. आठ दिवस खपून त्याने एकेक सांधा कापसाने ठासला, राळ भरली, आतून बाहेरून घोटली. मग टाकी काठोकाठ पाण्याने भरली आणि चार दिवस तशीच ठेवली. खाली सुकी राख पसरली होती. चौथ्या दिवशी राख जशीच्या तशी कोरडी. बघायला आलेल्या चारचौघांसमोर भिवा म्हणाला, "गलली तं भिवा परत रालेला हात लावनार नाय."

ती ठेवायची कुठे, यावरही मी त्याचंच ऐकलं. मी दगडी चौथरा बांधून उघड्यावर ठेवणार होतो. भिवाने मान हलवली. होडी उन्हात राहिली की सांधे उलतात, राळ तडकते, तिला थंड ओल्या मातीत ठेवा, म्हणाला. तेही पटलं. गोड्या बावीच्या वरच्या चढावर खड्डा खणून आम्ही टाकी गळ्यापर्यंत पुरली, वर फक्त तोंड. तिथून नळीने क्रूड आपोआप खाली इंजिनाकडे यायचं. १९५२ च्या जानेवारीत ती भरली आणि मी गावभर पेढे वाटले. चौथऱ्यावर ठेवली असती तर पहिला थेंब पहिल्या दिवशी दिसला असता. हे आता कळतं.

राळ पाण्याला दाद देत नाही, पण डिझेलात विरघळते. हे वाक्य मी आज एका दमात लिहिलं. तेव्हा आमच्या दोघांपैकी एकालाही ते माहीत नव्हतं. भिवाने जन्मभर पाणी सोडून दुसऱ्या कशाला तोंड दिलं नव्हतं आणि मी तर कचेरीत फक्त शाईची दौत सांभाळली होती.

मी टाकीत बांबूची काठी बुडवून तेल किती उरलं ते बघायचो. मार्चपासून काठी जास्तच कोरडी निघायला लागली. इंजिन चालवायला रघु नावाचा एक सरळ माणूस होता. मला वाटलं, तोच तेल बाहेर देतो. भिवाला विचारलं, टाकीची तर काही भानगड नाही ना? त्याने हातोडी खाली ठेवली आणि माझ्याकडे बघितलं. मी पुढे विचारलं नाही. रघुला मात्र बोललो, आणि नको ते बोललो. तो दुसऱ्या दिवशी किल्ली ओट्यावर ठेवून गेला. पुढे मी त्याला शोधायला त्याच्या घरी खोपटला जाऊन आलो, पण तो भेटला नाही.

एप्रिल संपता संपता आवडाबाई भिवाच्या ओट्यावर कळशी घेऊन आली. ही गावातली जुनी सुईण, कुणाला न भिणारी. कळशी त्याच्यासमोर ठेवून म्हणाली, "दादूस, जरा वास घे."

मी तिथेच होतो. वास मलाही आला. भिवाने कळशीत तोंड घातलं, वर काढलं आणि म्हणाला की इंजिनाचा धूर पाण्यावर बसला असेल, नाहीतर कुणी तेलकट हाताने पोहरा धरला असेल. आवडाबाईने फक्त विचारलं, टाकी बघायची का? त्यावर त्याने तांब्या भरून घेतला आणि तिच्या डोळ्यांदेखत घटाघटा प्यायला. भरला तांब्या, शेवटच्या थेंबापर्यंत.

पुढचे आठ दिवस भिवा एकटा त्या विहिरीचं पाणी पीत होता. बाकी गाव उठून मानपाड्याला जात होतं. वैशाखाच्या उन्हात, डोक्यावर दोन हंडे, सहा मैल जाऊन येऊन. तुळसाही जायची, पण नवऱ्याला कळू नये म्हणून मागच्या बाजूने. विहिरीच्या पाण्यावर आता रंगीत तवंग उघड दिसत होता. भिवाला उलट्या सुरू झाल्या, तरी सकाळी उठून तो विहिरीवर जायचा, चारजणी बघतील अशा बेताने पोहरा सोडायचा आणि प्यायचा. मला त्याचा राग येत होता आणि स्वतःचीही चीड येत होती, कारण खड्डा उकरायला मी कुणाची परवानगी मागणार होतो? शेत माझं, टाकी माझी. पण मीही त्या हातांवर विसंबून होतो. ते हात चुकले असं म्हटलं की माझी चूक आपोआप त्यांच्या मागे उभी राहत होती.

नवव्या दिवशी सकाळी तो कुदळ घेऊन माझ्या दारात आला. चेहरा उतरलेला. म्हणाला, उकरू या.

आम्ही दोघांनीच उकरलं. दोन हात खाली माती काळी लागली आणि वास असा आला की मी मागे झालो. भिवा खड्ड्यात उतरला. तळाच्या सांध्यातली राळ उन्हात राहिलेल्या गुळासारखी पातळ झाली होती, कापूस तेलाने थबथबलेला. त्याने थोडी राळ चिमटीत घेतली, बोटांत घोळवली, नाकाजवळ नेली.

"मी पानी भरून बघितला, अण्णा," तो म्हणाला. "तेल भरून बघाया पायजे होता."

मी म्हणालो की मलाही सुचलं नाही. खड्ड्यातून वर यायला त्याला हात द्यावा लागला. तोवर मी त्याला कधी हात दिलेला नव्हता.

टाकी काढली, काळी माती गाड्या भरून दूर टाकली. माझंच इंजिन विहिरीवर नेऊन आम्ही दिवसचे दिवस पाणी उपसलं. नवं पाणी भरायचं, सकाळी पुन्हा तवंग. पावसाळा आला, गेला. दिवाळीत तवंग कमी दिसला, पण वास तसाच. मी पंच मंडळींसमोर हात जोडून उभा राहिलो, टाकी मी आणली, दोष माझा. ते म्हणाले, होतं असं. भिवाला तर कुणी काहीच बोललं नाही. शिव्या दिल्या असत्या तर तो शिव्या देऊन मोकळा झाला असता. गाव त्याच्याशी पहिल्यासारखंच वागलं आणि त्यानेच तो खचला.

राळेची मडकी त्याने तुळसाकडून खाडीत टाकवली. नाखवे यायचे, पडाव चिखलात लावून बसायचे, विनवायचे. तो घरातून बाहेर यायचा नाही. शेवटी ते पडाव मुंब्र्याला न्यायला लागले. साठीला आलेल्या त्या माणसाने खांद्यावर कावड घेतली. पहाटे मानपाड्याला जायचं, दोन घागरी भरून आणायच्या आणि ज्या घरात म्हातारी किंवा पोटुशी बाई आहे तिथे ओतायच्या. पहिलं घर आवडाबाईचं. दिवसाला दोन खेपा, कधी तीन. मी बैलगाडीवर पिंप लावून पाणी आणायला लागलो, त्याला म्हटलं, भिवा, आता गाडी आहे. तो गाडीच्या मागून कावड घेऊन चालत राहिला. खांद्याला घट्टा पडला, मग तो फुटला, मग पुन्हा पडला. माणूस वाकत गेला.

तीन पावसाळ्यांनी विहीर निवळली. १९५५ च्या जानेवारीत आवडाबाईच पहिल्यांदा ओंजळभर पाणी प्यायली आणि म्हणाली, आली आपली बाव परत. आठवड्याभरात सगळं गाव पुन्हा गोड्या बावीवर. उत्तरा म्हणाली की आधीपेक्षा गोड लागतं. मी भिवाकडे धावत गेलो. तो म्हणाला, लोक मला बरं वाटावं म्हणून पितात. त्याला हाताला धरून विहिरीवर नेलं. त्याने वास घेतला आणि म्हणाला, "येतो अजून." वास नव्हता. मी शपथेवर सांगतो, वास नव्हता. तो त्याच्या नाकात बसला होता, विहिरीत नव्हता.

कावड चालूच राहिली. आता खरं तर त्या पाण्याची गरज कुणालाच नव्हती. पण आवडाबाई दार उघडायची, घागर रिकामी करून घ्यायची, दादूस बस जरा म्हणायची. तो गेला की ते पाणी गुरांना. दोन वर्षं सगळ्या घरांनी हे केलं आणि एकानेही त्याला कळू दिलं नाही. आमच्या गावाबद्दल मला याहून मोठं काही सांगता येणार नाही.

१९५७ च्या चैत्रात तो अंथरुणाला खिळला. ताप, आणि छातीत कफ. पाणी द्यायला गेलं की विचारायचा, कुठलं? पहिल्या दिवशी उत्तरा तिथे होती. ती सरळ मनाने म्हणाली, आपल्या विहिरीचं, ताजं काढलंय. त्याने ओठ मिटले ते मिटलेच. सबंध दिवस तापात कोरडा पडून राहिला. गावातलं कुणीतरी मानपाड्याहून घागर आणेपर्यंत त्याने थेंब घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी मी गेलो तेव्हा घागर संपली होती आणि भिवाची जीभ टाळूला चिकटली होती. तुळसा उठली. पन्नास पावलांवर जाऊन पोहरा टाकला, कळशी भरून आणली. मी दारात उभा राहून सगळं बघत होतो. तिने त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि वाटी ओठांना लावली.

"कुठचा?" त्याने विचारलं.

"मानपाड्याचा," तुळसा म्हणाली. आवाजात जराही फरक नाही.

तो प्यायला. दोन घोट प्यायला, थांबला, पुन्हा अर्ध्या वाटीपर्यंत प्यायला.

"गोडा हाय," तो म्हणाला. "आपली बाव अशीच होती."

मला राहवलं नाही. मी एक पाऊल आत टाकलं. त्याला एकदा तरी कळू दे, असं मला फार वाटलं. तुळसाने माझ्याकडे पाहिलं आणि मानेने नको म्हटलं. अजून अर्धी वाटी त्याच्या पोटात जायची होती.