बघे डॉक्टर

आमच्या डॉक्टरांना लातुरात सगळे ‘बघे डॉक्टर’ म्हणत. लेकरू समोर ठेवलं की दुसरे डॉक्टर कानाला नळी लावत, सुई काढत. हे स्टूल ओढून बसत आणि बघत राहत. मधे कुणी बोललं तर हात वर करून गप्प बसवत. तमाशाला पुढची जागा मिळाल्यासारखे बसतात, असं लोक हसून म्हणत.

लातूर तेव्हा नुकतंच जिल्हा झालं होतं आणि पावसाने पाठ फिरवली होती. रोज कुठल्या तरी ऑफिसची नवी पाटी लागायची, नळाला मात्र पाणी नसायचं. त्यातच सातवा महिना जेमतेम लागलेला असताना माझी मुलगी जन्मली. रेणापूरहून जीपने आणली तेव्हा ती ओंजळीत मावत होती. गंजगोलाईच्या बाजारामागच्या आपल्या छोट्या दवाखान्यात डॉक्टरांनी तिला बल्बची ऊब दिलेल्या लाकडी पेटीत ठेवलं, खिडकीचा पडदा अर्धा सारला आणि बघायला बसले.

माझ्या सासूबाईंचा जीव वरखाली होत होता. “सुई न्हाई, सलाईन न्हाई, नुसतं बघूनच राहिलाय ह्यो! उचला पोरीला, दुसरीकडं नेऊ,” त्या डॉक्टरांना ऐकू जाईल अशाच बेताने म्हणाल्या. डॉक्टरांनी पेटीवरची नजर काढली नाही. “आजी, हिच्याजवळ ताकद चिमूटभर हाय. ती आपल्या हात लावण्यात काहून संपवायची?” एवढी लहान लेकरं मधेच श्वास घ्यायचं विसरतात, त्यांना तेवढी आठवण करून द्यायची, बाकी त्यांच्या वाटेला जायचं नाही, असं त्यांचं सरळ म्हणणं होतं. अंगाला पट्टी चिकटवली तर काढताना कातडी निघते, म्हणून तीही नाही.

ते धर्माबादच्या एका मुसलमान मिरची व्यापाऱ्याचे चिरंजीव. “घरात अख्खं खानदान खोकायचं, म्हणून आपलं लक्ष दुसऱ्याच्या श्वासावर,” असं सांगून स्वतःच हसायचे. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला स्टुलावर बसवलं. “बेटा, तोंडाकडं बघू नको. तोंड बघितलं की माया येते अन् नजर हलते. पोटाकडं बघ.” खिडकीतून तिरपा उजेड पडला की तिच्या पोटावर बारीकशी सावली हलायची. ती थांबली की तळव्याला हलकी टिचकी मारायची. सुरुवातीला बघता बघता माझाच श्वास अडकायचा. “तू तरी घेत जा बेटा,” ते म्हणायचे, “दोघींना टिचक्या मारायला मी एकटा कुठं पुरू?”

पण लोकांचं बोलणं त्यांना लागत असावं. पेशंट दुसरीकडे जात होते. एक दिवस त्यांनी हैदराबादहून एक यंत्र आणवलं. लेकराच्या खाली ठेवायची चपटी गादी, तिला जोडलेला एक डबा. पोट हललं की डब्यावरचा हिरवा दिवा लुकलुकायचा, थांबलं तर घंटा वाजायची. सुई नाही, अंगाला वायर नाही. सासूबाईंनी डब्याला हळदकुंकू वाहिलं आणि त्या दिवसापासून ‘ह्यो’चे ‘डाक्टरसाब’ झाले. डॉक्टरही नवी सायकल मिळाल्यासारखे खूश होते.

त्याच आठवड्यात दुपारी पाण्याचा टँकर आला. टाकी आमच्याच खिडकीखाली, त्यामुळे तो भिंतीला खेटून उभा राहिला आणि पंप सुरू झाला. ताटल्या, खिडकीच्या काचा, सगळं थरथरायला लागलं. डॉक्टर सासूबाईंना दिवा दाखवत होते. “बघा आजी, कसं बिनचूक चालू हाय.” मी सवयीने स्टुलावर बसले होते. पोटावरची सावली हलत नव्हती. दिवा मात्र लुकलुकत होता. आपलेच डोळे चुकताहेत असं मला वाटलं. मग तिचे ओठ निळसर दिसले. मी टिचकी मारली. काही नाही. पुन्हा मारली. मग तळवा जोरात चोळला, तेव्हा तिने अंग झटकलं आणि मांजराच्या पिल्लासारखी रडली.

डॉक्टर वळले. त्यांनी पोरीकडे बघितलं, दिव्याकडे बघितलं आणि खिडकीतून ओरडले, “बंद कर बे इंजन!” इंजिनाच्या थरथरीलाच गादी श्वास समजत होती.

ते तिथेच फरशीवर बसले. सासूबाईंपुढे हात जोडून म्हणाले, “मी पण दिव्याकडंच बघून राहिलो होतो, आजी. आज माझ्या हातून तुमची नात गेली असती.” गल्लीत कुणाचं ऐकून न घेणाऱ्या सासूबाई उठल्या. त्यांनी आपल्या तांब्यातलं पाणी त्यांना प्यायला दिलं. मला तेव्हाही डॉक्टरांचा राग आला नाही, आणि नंतरही कधी नाही.

पोरगी वाचली. आता ती उदगीरला शाळेत शिकवते.

मागच्या वर्षी डॉक्टर गेले. आम्ही दोघी मायलेकी धर्माबादला त्यांच्या घरी भेटायला गेलो, तर आमची ओळख ऐकून तिथे आलेल्या अनोळखी बायका मला विचारायला लागल्या, “टँकरवाल्या लेकराची आई तुम्हीच का?” दवाखान्यात अपुऱ्या दिवसांचं लेकरू घेऊन आलेल्या प्रत्येक आईला डॉक्टरांनी ती गोष्ट सांगितली होती. यंत्र फसलं, डॉक्टर फसला, आणि स्टुलावर बसलेल्या आईने लेकरू वाचवलं. “साब म्हणायचे, तिच्यासारखं बघा, माझ्यासारखं न्हाई,” एक जण म्हणाली. ते ऐकून मला रडू आवरेना. आपली चूक त्यांनी इतकी वर्षं घरोघरी पोचवली होती, आणि मला तसं बघायला शिकवलं कुणी, हे मात्र एकीलाही सांगितलं नव्हतं.