मामा शिफ्टवर आहे

"तू आतच बस गा. पाव्हण्यायले सांगतो, बुटीबोरीले शिफ्टवर आहे म्हणून." पोह्यांची बशी माझ्या हातात देत भाऊजी म्हणाले. मोठे अधिकारी माणूस. पागलालाही उपाशी ठेवत नाहीत.

भाचीला पाहायला पाव्हणे आले होते. मी तिचा सख्खा मामा. बुटीबोरीच्या सूतगिरणीत नोकरी, डोक्यावर थोडे केस आणि डोक्याच्या डॉक्टरची गोळी सुरू. झोप गेली होती, भूक गेली होती, मशीनसमोर उभ्या उभ्या रडू यायचं. गोळीनं रडू थांबलं. हे मी फक्त ताईला सांगितलं होतं. ताईनं फक्त भाऊजींना. भाऊजींनी कोणालाच नाही, मला तेवढं खोलीत टाकलं.

दार लोटताना ताई म्हणाली, "पोरीच्या भल्यासाठी आहे रे. खोकू नको."

खोकलो नाही. खरं सांगतो, वाईटही वाटलं नाही. आत सगळं बधिर. पोहे खाल्ले. मीठ कमी होतं, ते मात्र कळलं.

बाहेर मुलाच्या वडिलांचा आवाज आला. "मामा दिसून नाही राहिले? लग्नात पोरीच्या मागं त्यायलेच उभं राहा लागते."

"त्याले सुट्टी भेटत नाही," भाऊजी म्हणाले. "पोरीच्या आईचा चुलत भाऊ आहे नं. तो राहते उभा."

म्हणजे लग्नातही मी शिफ्टवर. बारशातही. भाचीची पोरं कॉलेजात जातील, तरी माझी शिफ्ट सुटायची नाही. गिरणीत निदान भोंगा तरी होतो.

उठलो. बशी हातात तशीच. दार उघडलं.

"मी मामा. शिफ्ट नाही मले आज. डोक्याच्या डॉक्टरची गोळी चालू आहे, म्हणून आत बसवलं."

भाऊजी हसले. एकटेच. भाचीनं मान वर केली नाही. मुलाच्या वडिलांनी अर्धा चहा खाली ठेवला.

त्यांचा निरोप अजून आलेला नाही. भाऊजी बोलत नाहीत. ताई फोनवर रडते, "तुले पोरीचं चांगलं पाहवत नाही." ऐकून घेतो.

डोक्याच्या डॉक्टरच्या दवाखान्यात मी तोंडाला दुपट्टा गुंडाळून जायचो. नागपुरात कोणी विचारत नाही, उन्हासाठी असेल म्हणतात. मी थंडीतही गुंडाळायचो, एवढा हुशार. आता उघड्या तोंडानं जातो. आणि भाचीचं लग्न कुठंही ठरो, तिच्यामागे मीच उभा राहणार. तिनं नको म्हटलं तर बाजूला होईन. भाऊजींच्या म्हणण्यानं नाही.