मुलाचंच कॉलेज

पार्लरवाल्या काकू बाहेरून बारावीला बसल्या होत्या. निकाल लागला तेव्हा त्यांनी गिऱ्हाइकाची एक भुवई तशीच ठेवली आणि फोन उघडला. गिऱ्हाईक बिचारं आरशात बघत बसलं. दुसरी भुवई झाल्यावर काकू म्हणाल्या, "पास झाले. आता कॉलेज."

नवरा कुलपं दुरुस्त करायचा. रात्री जेवताना तो म्हणाला, "जा की. घरात कुणीतरी शिकलेलं हवंच."

टोमणा शेजारी बसलेल्या मुलाला होता. तो कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होता, इतिहास घेऊन. त्याचा घास अडकला, पण टोमण्याने नाही.

"कुठलं कॉलेज?" त्याने विचारलं.

"तुझंच. चालत जाता येतं. दुपारी पार्लर उघडता येईल. आणि तूच म्हणतोस ना, किती छान शिकवतात."

"भंगार आहे गं ते. पंखे चालत नाहीत. शिकवायला कुणी येत नाही."

"परवापर्यंत गोडवे गात होतास."

"परवापर्यंत चांगलं होतं."

त्यानंतर तो हात धुऊन मागेच लागला. नदीपलीकडचं कॉलेज कसं मोठं, कसं हिरवंगार. तिथे दोन बस बदलाव्या लागतात म्हटल्यावर म्हणाला, "प्रवासात वाचन होतं, आई." बसचं तिकीटसुद्धा न वाचणारा मुलगा हे सांगत होता.

काकूंनी मनाशी काय ते ओळखलं. पोराला आपली लाज वाटते. लोकांचे केस काळे करता करता स्वतःचे पांढरे झालेली आई डबा घेऊन मित्रांच्या शेजारी बसणार. कुणाला आवडेल? केसांचा रंग कालवताना त्यांनी डोळे पुसले आणि गिऱ्हाइकाला सांगितलं, "झोंबतो हो हा."

काकू नदीपलीकडे जाऊन आल्या. कॉलेज खरंच हिरवंगार होतं. पण परतेपर्यंत संध्याकाळ झाली आणि पार्लरच्या दारात बायका ताटकळून निघून गेल्या होत्या. रोज असं झालं तर पार्लर बुडणार, नाहीतर शिक्षण सुटणार. तरी काकूंनी पोरासाठी नदीपलीकडचंच ठरवलं. फक्त त्याआधी एकदा त्याच्या वर्गात बसून बघावं, एवढंच त्यांना वाटलं.

डोक्याला स्कार्फ गुंडाळून त्या मागच्या बाकावर बसल्या. इतिहासाच्या बाई जुन्या शहरांतल्या गटारांबद्दल सांगत होत्या. कुणाचं सांडपाणी कुणाच्या दारातून जायचं, त्यावरून कशी भांडणं व्हायची. पार्लरची मोरी दर आठवड्याला तुंबत असल्यामुळे काकूंना हा विषय जिव्हाळ्याचा होता. आपण लपून बसलोय हे विसरून त्यांनी हात वर केला.

"बाई, आणि केस अडकले की?"

वर्ग हसला. बाई मात्र खुलल्या. तास संपेपर्यंत त्या केसांवरच बोलल्या. काकू तोंड उघडं ठेवून ऐकत राहिल्या.

मग त्यांनी घाईने स्कार्फ पुढे ओढला. मुलाने आवाज ओळखला असणार. त्यांनी पुढची डोकी एकेक करून पाहिली. ज्याचे केस त्या स्वतः कापायच्या, ते डोकं त्यात कुठेच नव्हतं.

"तो उंच मुलगा आला नाही का? भुवईवर खूण असलेला?"

"टेबल टेनिसवाला?" शेजारची मुलगी म्हणाली. "तो आणि वर्गात? काहीतरीच काय, काकू!"

काकू तडक खेळांच्या खोलीत गेल्या. टेबलाभोवती ही गर्दी. मुलगा घामाघूम होऊन खेळत होता. दारात आई दिसली आणि त्याचा फटका थेट छताला लागला.

"आई, मी सांगणारच होतो."

"म्हणजे तू मला इथे नको म्हणत होतास ते यासाठी?"

"मग काय!"

"माझी लाज वाटते म्हणून नाही?"

"तुझी? कशाला?" तो खरंच गोंधळला. "तू वर्गात बसलीस तर मलापण बसावं लागेल ना!"

काकूंना इतकं हायसं वाटलं की त्यांनी सगळ्यांदेखत त्याला पोटाशी धरलं. पोरांनी टाळ्या पिटल्या. दारापर्यंत गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं की रागवायचं राहूनच गेलं. त्या परत आल्या आणि त्याचा कान धरला.

"चल. प्रवेश कुठे घेतात ते दाखव."

"मला नाही माहीत."

"इतके दिवस इथे येतोस ना रे?"

"माझा प्रवेश बाबांनी घेतला होता," तो कळवळत म्हणाला.

मग दोघंही शिपायाला विचारत निघाले.