सरसकट तीन

"पोरी, आधी कळप पाह. वासराकडे मंग." कुंपणाच्या वरच्या फळीवर कोपरं टेकून काका एवढं म्हणायचे आणि पुढची दहा मिनिटं चकार शब्द काढायचे नाहीत. तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल, कामाला हात घालण्याआधी नुसता बघत बसणारा. पहिल्या दिवशी तर मला वाटलं, काकांना डुलकी लागली!

मी पुण्याची, प्रोग्रॅमर. व्हिसावर अमेरिकेत आले आणि दोन हजार तीन साली मॉरिसव्हिलजवळच्या एका छोट्या कंपनीत चिकटले. मांसासाठी गुरं पाळणाऱ्यांना, कोणता गोऱ्हा पैदाशीला ठेवायचा, हे आम्ही सांगायचो. वासराचं वजन काट्यावर कळतं. पाठ, मांडी, पायांची ठेवण बघायला मात्र माणूसच लागतो. तो एक ते पाच गुण देतो. ही वजनं, हे गुण आणि आईबापांच्या नोंदी माझ्या प्रोग्रॅममध्ये जायच्या आणि यादी बाहेर पडायची. वरचे गोऱ्हे वळू व्हायचे, तळाचे खाटकाकडे जायचे.

गुण देणारे हे आमच्या कंपनीतले काका. अकोल्याकडचे गुरांचे डॉक्टर, तीस वर्षं अमेरिकेत, आणि पक्के शाकाहारी. डब्यात भाकरी नि ठेचा. मी एकदा चिडवलं, "काका, स्वतः खात नाही आणि लोकांना मांड्या निवडून देता?"

"खाणाऱ्याचा जीव ताटात अडकते बाप्पा. मले नीट दिसते."



आणि खरंच दिसायचं. एका देखण्या गोऱ्ह्याच्या पायांना त्यांनी दोनच गुण दिले, तर मालक खवळला. काका शांतपणे म्हणाले, मागचा डावा पाय बघ. वर्षाच्या आत तो गोऱ्हा लंगडायला लागला. तेव्हापासून तो मालक दुसऱ्या कुणाला फाटकातून आत घेत नसे.

तीनेक वर्षांनी मला एक गोष्ट खटकली. काकांच्या कागदावर पूर्वी एकपासून पाचपर्यंत सगळं असायचं. आता तीन, तीन, तीन. मागे जाऊन पाहिलं, तर दोन वर्षं हेच चाललेलं. मी आधी प्रोग्रॅमलाच शिव्या दिल्या. मग आठवलं, काकांनी ड्राइव्ह करणंही सोडलंय. "तू चालव, मले रस्त्याकडच्या गायी पाहायच्या हायेत," असं म्हणायचे आणि मला त्याचं कौतुक वाटायचं. मूर्ख मी!

एका फार्मवरून परतताना विचारलंच. "काका, दिसत नाही का तुम्हाला?"

त्यांनी खिडकीकडे तोंड वळवलं. "मधोमध धुरकट डाग हाये. कडेकडेचं दिसते."

"मग सगळ्यांना तीन का?"

"नाही दिसलं तर तीन देतो. कोणाचं नुकसान नको."

मला रडूही आलं आणि रागही. "नुकसान कसं नाही? पाचाच्या लायकीचं वासरू तिनावर राहिलं की यादीत खाली जातं. आणि खाली गेलं की..." यादीच्या तळाशी काय असतं हे त्यांना माझ्याहून चांगलं माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी ते आपण होऊन साहेबाच्या केबिनमध्ये गेले आणि सगळं सांगून टाकलं. मग माझ्या टेबलाशी आले. "माझे दोन वर्षांचे गुण काढून टाक. आत्ता, माझ्यासमोर." मी काढले. ते टेबलाची कड धरून उभे होते. आठवड्याभरात ते नोकरी सोडून एडिसनला मुलाकडे राहायला गेले.

त्या गुणांशिवाय, नुसत्या वजनांवर आणि आईबापांच्या नोंदींवर नवी यादी आली तेव्हा एक गोऱ्हा तळातून थेट तिसऱ्या नंबरावर चढला होता. मी आनंदाने त्याच्या मालकाला फोन लावला. तो म्हणाला, अगं, तो तर मार्चमध्येच गेला. कुठे, ते मी विचारलं नाही.

संध्याकाळी काकांचा फोन. "लागली का यादी? वर आलं का कोणी?"

"एक आलाय काका. थेट तिसरा!" मी बोलून बसले.

"हाये ना तो?"

"आहे ना. मस्त आहे."

"बरं झालं बाप्पा! जिवाले लागून राहिलं होतं. पाहून ये एकदा, मांडी कशी भरली ते सांग."

पुढे दीड वर्ष, ते जाईपर्यंत, दर रविवारी त्यांचा फोन यायचा आणि मी त्या नसलेल्या वळूची पाठ सांगायची, मांडी सांगायची, चाल सांगायची. सगळ्याला पाच. एकदा ते हळूच म्हणाले, "पोरी, सगळ्यात पाच कोणालेच नसतात. कायतरी कमी सांग."

मी डोळे पुसले आणि त्याच्या पायांना चार दिले.