वैदेहीची उभी गाडी

वैदेही गेल्याचा फोन आला तेव्हा मी ताकात मीठ घालत होते. कत्तरीचे दिवस, म्हणजे मद्रासच्या उन्हाळ्यातले सगळ्यात क्रूर. नुंगंबाक्कमच्या आमच्या घराच्या भिंतीसुद्धा हाताला चटके देत होत्या. फोनवर सीनू, माझा मुलगा, "आई" एवढंच म्हणाला आणि थांबला. मी म्हटलं, "कळलं. घरी घेऊन ये तिला." मग ताकात पुन्हा मीठ घातलं, आणि ते तसंच ओट्यावर राहिलं. संध्याकाळी तिला आणलं. पुण्याहून तिचे भाऊ येईपर्यंत या शहराच्या रिवाजाप्रमाणे भाड्याच्या काचेच्या थंड पेटीत हॉलमध्ये ठेवलं. लोक रडत होते, मीही रडत होते. पण खरं सांगायचं तर माझ्या मनात आलं ते असं, की ही पेटी वैदेहीला मुळीच आवडली नसती. टोकदार कोपरे, कडेने पत्र्याच्या पट्ट्या, खाली ढकलायची चाकं आणि त्यातलं एक वाकडं. तिने पेटीभोवती एक फेरी मारली असती आणि म्हणाली असती, "आई, हे ज्याने काढलंय ना, त्याला आधी यात झोपवायला हवं होतं." सून गेली आणि सासू गालात हसली, असं शेजारच्या मामींनी त्या दिवशी पाहिलं असेल, तर त्यांनी त्याचं कारण इथे वाचून घ्यावं.

वैदेही गाड्यांचे आकार काढायची. गिंडीच्या औद्योगिक वसाहतीत एका शेडमध्ये त्यांचा स्टुडिओ होता, बाहेरून पापडाचा कारखाना वाटेल असा. ती पुण्याची, आणि आम्ही तंजावरचे मराठी, पिढ्यान्‌पिढ्या इकडचेच. लग्न होऊन ती आली त्या आठवड्यात मी तिला आमच्या पद्धतीने विचारलं, "जेवण जालं का?" तर ती खुदकन हसली. ही मुलगी आगाऊ आहे, असं मी तिथल्या तिथे ठरवलं. बरोबरच ठरवलं होतं. पुढे सांबारातल्या चिंचेपासून साडीच्या रंगापर्यंत आमचं कशावरच जमलं नाही, आणि तरी संध्याकाळी तिला यायला उशीर झाला की माझा जीव गेटापाशी जाऊन बसायचा. टी. नगरला साडी घ्यायला गेलो की दुकानदार विचारायचे, मुलगी का? मी म्हणायची, नाही, शिक्षा. ती शेजारून म्हणायची, "जन्मठेप, आई. जन्मठेप म्हणा." ... जन्मठेप एवढ्या लवकर संपते, हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं.

मग त्यांच्या स्टुडिओला ते काम मिळालं. उद्याची गाडी करायची, विजेवर चालणारी, दारं हात न लावता उघडणारी, पण रूप जुन्या काळातल्या गाड्यांचं. ती विकायची नाही. प्रदर्शनात उभी करायची, लोकांनी बघून "अय्यो" म्हणायचं, एवढंच तिचं आयुष्य. कन्सेप्ट कार म्हणतात तिला. "म्हणजे गोलू," मी म्हटलं. नवरात्रात आम्ही पायऱ्यांवर बाहुल्या मांडतो, त्या काही खेळायच्या नसतात. "अगदी गोलू, आई," ती म्हणाली. स्टुडिओतल्या बाकीच्यांनी कंप्यूटरवरून परदेशी गाड्यांचे फोटो गोळा केले. वैदेहीला मात्र आपल्या माणसांनी वापरलेली गाडी हवी होती. तिने मला मामंजींच्या गाडीबद्दल विचारलं.

मामंजी, म्हणजे माझे सासरे, तंजावरला वकील. त्यांनी कुणा मिरासदाराकडून एक काळी गाडी घेतली होती. गरोदर म्हशीसारखी गोल मडगार्डं, मोठे डोळे, आणि दोन्ही बाजूंना पाय ठेवून चढायला लांबच लांब फूटबोर्ड. सीनूच्या जन्माआधीच ती विकली गेली. तिचा एकच फोटो घरात आहे, आणि त्यात गाडी जवळजवळ नाहीच. फोटोभर मी आहे. नवी नवरी, नऊवारीचा घोळ चहूकडे पसरलेला, डोळ्यांवर दिरांचा काळा चष्मा, एक हात कमरेवर, दुसरा मडगार्डवर. जणू गाडी मीच बैलासारखी ओढत आणली आहे. माझी नात तारा, वैदेहीची मुलगी, म्हणाली, "आजी, तू डॉन दिसतेस." वैदेहीने कपाळाला हात लावला. "आई, जरा बाजूला उभ्या राहिला असतात तर मडगार्डाचा उतार तरी दिसला असता!" मी म्हटलं, "अगं, त्या बयेला वाटत होतं की फोटो तिचा काढतायत." ती बया म्हणजे अजब प्रकरण होतं. आपल्याला गाडी चालवता येते, अशी बातमी तिने अग्रहारात, म्हणजे आमच्या आळीत, पसरवून ठेवली होती. प्रत्यक्षात तिला फक्त हॉर्न वाजवता यायचा, आणि तो वाजला की तीच आधी दचकायची.

तर फोटोचा उपयोग नाही म्हटल्यावर वैदेहीने माझाच उपयोग केला. मला जेवणाच्या टेबलापाशी त्याच पोजमध्ये उभं केलं, हाताखाली उशा रचल्या. "इथे टेकत होता का हात? की अजून खाली? वळण इथून सुरू व्हायचं की कोपराजवळून?" मी तेव्हापेक्षा बरीच आखडले आहे, म्हणून तिने माझ्या पायाखाली पाट दिला. मी उभी, डोळे मिटलेले, हात उशीवर, आणि सून टेप घेऊन माझ्याभोवती फिरतेय... कामवाली बाई दारातूनच परत गेली. तिला वाटलं, काही पूजा चालू आहे.

त्याच दिवशी बोलता बोलता मी फूटबोर्डाचं सांगितलं. त्या गाडीतून आम्ही बायका कधी कुठे गेलोच नाही. गाडी मामंजींना कोर्टात न्यायची, आणि उरलेला वेळ शेडमध्ये उभी असायची. दुपारी घर झोपलं की मी शेडमध्ये जायची आणि फूटबोर्डावर बसायची. पाठीला दाराचा गार पत्रा, पाय मोकळे. तिथे मी चकलीसारखे मुरुक्कू खाल्ले, तिथे रडले, आणि तिथेच बसून मनातल्या मनात थेट काशीपर्यंत जाऊन आले. वैदेही टेप गुंडाळायची थांबली. म्हणाली, "आई, गाडी धावते तेव्हाचा विचार आम्ही सगळे करतो. पण गाडी बहुतेक आयुष्य उभीच असते. उभ्या गाडीचा विचार कोणी करत नाही." आणि तिने उद्याच्या त्या गाडीला फूटबोर्ड दिला. गाडी धावताना तो अंगात दडलेला, आणि माणूस जवळ आलं की आपोआप बाहेर येणारा. चढायला नाही, बसायला.

गाडीचं काम रंगात आलं आणि वैदेहीच्या पोटातली गाठ सापडली. शस्त्रक्रिया झाली, सलाइनमधून औषधं सुरू झाली. केस गेले, औषधाने नखं काळी पडली. डोक्याला टोपी घालून ती गिंडीला जायची, परत येऊन हॉलमधल्या लादीवर आडवी व्हायची, आणि मी तिच्याजवळ वाटी घेऊन बसायची. ओकारीच्या मधल्या वेळात ती गाडीबद्दल बोलायची. वरच्या मंडळींना फूटबोर्ड नको होता. गाडी बससारखी दिसते म्हणे. "त्यांना सांग, आमच्या म्हातारीला हवाय," मी म्हणायची. ती म्हणायची, "सांगितलं. ते म्हणाले, म्हातारी गाडी घेणार आहे का?" एकदा मात्र ती तोंड पुसता पुसता म्हणाली, "केस घेतले, झोप घेतली, चव घेतली. हे एवढं देणार नाही मी, आई. तो फूटबोर्ड राहिला पाहिजे." ... त्या दिवसापासून आमच्या घरात एकच चौकशी उरली. डॉक्टर काय म्हणाले, हे नंतर. आधी, फूटबोर्ड आहे ना?

आयुधपूजेला, म्हणजे खंडेनवमीला, स्टुडिओत घरच्यांना बोलावतात. यंत्रांना गंध-कुंकू लावतात, झेंडूच्या माळा घालतात, सुट्टी देतात. मी चाकांखाली ठेवायला लिंबं घेऊन गेले. शेडच्या मधोमध गाडी उभी होती, पुरी गाडीएवढी, पण क्लेची, तपकिरी. तो क्ले म्हणजे मातीही नाही आणि मेणही नाही, तापवून थापतात आणि पात्यांनी तासतात. काचा नाहीत, दारं उघडत नाहीत, पण ती मडगार्डं... माझ्या हाताखालची मडगार्डं! ती पुन्हा जन्माला येऊन माझ्यासमोर उभी होती, आणि आता जास्त तरुण होती. मला पुढचं काही सुचलंच नाही. फूटबोर्ड दिसला आणि मी त्यावर बसले. एका शेडभर माणसांनी एकदम श्वास आत घेतला. क्ले माझ्याखाली हळूच दबला आणि कडेचा एक तुकडा पायाशी गळून पडला. सेल्वी नावाची वैदेहीच्या हाताखालची मुलगी किंचाळली, "पाटी!" म्हणजे आजी. वैदेही तेवढी हसत होती. पोटावरच्या टाक्यांवर हात दाबून, भिंतीला टेकून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "बघा," ती तिच्या साहेबांना इंग्रजीत म्हणाली, "कोणाला सांगावं लागलं नाही. माणूस जवळ आलं आणि बसलं." मग ती खाली जमिनीवर बसली आणि तिने स्वतःच्या हाताने तो फूटबोर्ड पुन्हा भरला. मी चोरासारखी झेंडूच्या माळा नीट करत उभी होते.

मार्गळी महिन्यात, म्हणजे ऐन थंडीत, तिचं जाणं बंद झालं. खाटेवरूनच फोन चालायचे, दार लोटून घेऊन. संध्याकाळी मी खिचडी घेऊन गेले की ती गाडीची बातमी द्यायची. आता खरी गाडी बनतेय. आता चाकं आली. फूटबोर्डावर लाकडाची पट्टी बसवायची आहे, कुठलं लाकूड घेऊ, आई? मी दोन दिवस विचार केला आणि म्हटलं, फणस. तंजावरची वीणा फणसाच्या लाकडाची असते, ते गार राहतं आणि जुनं झालं की सोन्यासारखं दिसतं. "फणसच," ती म्हणाली. पुढच्या आठवड्यात म्हणाली, पट्टी बसवली, सुंदर दिसतेय. रुग्णालयात नेलं तेव्हा तिचं वजन तारापेक्षा कमी झालं होतं. शेवटच्या संध्याकाळी बोलायलाही तिला धाप लागत होती. मी तिच्या कानाशी वाकून विचारलं, "फूटबोर्ड नीट बाहेर येतो का गं?" ती म्हणाली, "येतो... आवाजसुद्धा होत नाही. पहिल्यांदा तुम्हीच बसायचं, आई." थोड्या वेळाने डोळे न उघडता म्हणाली, "पण या वेळी... गाडी वाळल्यावर."

तिच्या जाण्यानंतर काही आठवड्यांनी प्रदर्शन भरलं. सीनूला येणं जमलं नाही. तारा मला घेऊन गेली. दिव्यांच्या झोतात, चबुतऱ्यावर, वैदेहीची गाडी उभी होती. गर्द हिरवी, जवळजवळ काळी. लोक "अय्यो" म्हणत होते. मी ताराचा हात धरून दोरीपर्यंत गेले आणि थांबले. काही बाहेर आलं नाही. वाटलं, लांब आहे म्हणून. सेल्वीने मला पाहिलं, धावत आली, दोरी उचलून आत घेतलं. मी गाडीला खेटून उभी राहिले. काही बाहेर आलं नाही. दाराखाली गाडी सरळ, अखंड, मागच्या चाकापर्यंत गेलेली. मी सेल्वीला विचारलं, "फणसाची पट्टी कुठे आहे?" तिला काही समजलं नाही. मग समजलं, आणि ती रडायला लागली. रडत रडतच तिने तमिळमध्ये सांगितलं. मार्गळीतच वरून निरोप आला होता, की फूटबोर्ड ठेवलात तर ही गाडी प्रदर्शनात जाणार नाही, दुसऱ्या कोणाची जाईल. सगळे रागावले, काम सोडून बसले. तेव्हा अक्कांचा, म्हणजे वैदेहीचा, फोन आला. काढा, म्हणाली. गाडी उभी राहू दे. आणि काढलाय असं दिसता कामा नये, अर्धवट खूण फार वाईट दिसते. रोज व्हिडिओवर पाहायची आणि रोज म्हणायची, अजून कळतंय, पुन्हा करा. "आणि पाटींना सांगू नका, म्हणाल्या."

म्हणजे मी खाटेपाशी बसून दोन दिवस लाकडाचा विचार करत होते, तेव्हा ते लाकूड बसवायला जागाच उरली नव्हती.

घरी वैदेही कशाकडेही नुसती बघायची नाही. नवी थाळी आणा, कपाट आणा, डोळे मिटून त्यावर तळवा फिरवायची. बोटं सैल, हात सपाट, दुरून आपल्याकडे ओढत आणायचा. डोळ्याला दिसत नाही तो उंचवटा तळव्याला कळतो, म्हणायची. मी गाडीच्या कुशीवर तसाच तळवा ठेवला, डोळे मिटले आणि मागच्या चाकापासून पुढच्या चाकापर्यंत ओढत आणला. मग उलटा फिरवला. मग पुन्हा. पत्रा गार होता आणि पाण्यासारखा सरळ. कुठे शिवण नाही, कुठे खड्डा नाही, इथे काही होतं आणि कोणी ते काढलं, याची कुठेच काही खूण नाही.

"लबाड," मी म्हटलं.

सेल्वीला मराठी येत नाही. तिने नाक पुसत विचारलं, काय म्हणालात, पाटी?

"काही नाही," मी म्हटलं. "काम साफ झालंय, म्हटलं."