ढोम्याच्या डोक्यातला खडा

त्या वर्षांत वऱ्हाडातल्या विद्यार्थ्याला कुणी पैसे द्यायचे तर त्याला आधी रडून दाखवावं लागायचं. कापूस, नापिकी, आत्महत्या यांतलं काही विषयात असलं की मोठमोठ्या शहरांतले लोक खिशात हात घालत. मी दर्यापूरची, अब्बा कापूस पिंजून गाद्या भरणारे. आणि मला शोधायचं होतं समुद्रातल्या माशांचं वय. ऐकणारा आधी हसायचा, मग मला समजावायला लागायचा. मला दोन्हींचा संताप यायचा.

माशाच्या डोक्यात, कानाच्या जागी, पांढरा खडा असतो. तो घासून सूक्ष्मदर्शकाखाली धरला की झाडाच्या बुंध्यासारखी वलयं दिसतात, त्यावरून वय कळतं. ढोम्याचा खडा चांगला मोठा. हा मासा बर्फाच्या पेट्यांतून अकोल्याच्या बाजारात यायचा आणि गिऱ्हाईक मुंडकं तिथेच टाकून जायचं. ती मुंडकी मी डब्यात भरून एसटीने अमरावतीला कॉलेजात न्यायची. वासामुळे कंडक्टर मला शेवटच्या बाकावर पिटाळायचा. तिथे खिडकी मिळायची, माझी तक्रार नव्हती.

संशोधनाला शिष्यवृत्ती देणाऱ्या एका संस्थेची मुलाखत अमरावतीत झाली. मी खडे टेबलावर मांडले. अध्यक्षांनी एकच विचारलं, हे मासे कुठल्या समुद्रातले, कुठे पकडलेले? मला सांगता येईना. पेटीवर व्यापाऱ्याचा शिक्का असतो, समुद्राचा नाही. बाजारातून मासा उचलून संशोधन करायला निघण्याची चूक समुद्रापासून इतक्या लांबचा माणूसच करतो. प्रश्न रास्त होता. मी म्हटलं, म्हणूनच किनाऱ्यावर जाऊन राहायचा खर्च मागते आहे.

तेव्हा ते प्रेमाने म्हणाले, विषय बदला. कापूस पिकवणाऱ्यांच्या घरांवर काही करा, आजच मंजूर करतो. बाकीच्यांनी माना डोलावल्या.

मला पैसे हवे होते, फार हवे होते. तरी तोंडातून निघालंच, "सर, आमच्याकडे माणसं मरतात म्हणून आम्ही दुसरा विचारच करायचा नाही का?"

अर्थात नकार आला. घरी आले तेव्हा अब्बा पिंजत बसले होते, भुवयांवर कापूस. वाटलं, आता बोलणी बसणार, हाती आलेलं घालवलं म्हणून. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"कापसाचं दुखनं मले मालूम हाय," ते म्हणाले. "ते लिवाले तू कायले पायजे? पुढच्या साली पुन्ना जाय. अन् मासोळीचंच मांग."

पुढच्या वर्षी मी पुन्हा गेले. तेच दालन, तेच अध्यक्ष. मधल्या काळात मी अकोल्याहून आणखी मुंडकी आणली होती, आणखी खडे घासले होते. त्यांनी ते या वेळी भिंगातून नीट पाहिले, बराच वेळ. विषय बदलला का, त्यांनी विचारलं. नाही, म्हटलं, बदलणारही नाही. यंदा नाही म्हणालात तर पुढच्या वर्षी हाच घेऊन येईन.

ते शेजाऱ्याशी हळू काही बोलले आणि कागद पुढे ओढला. सही करता करता म्हणाले, "समुद्र पाहिलाय का कधी?"

"नाही," मी म्हटलं. "ज्यांनी पाहिलाय त्यांनाच पैसे द्यायचे असतील, तर राहू द्या."

त्यांनी सही पूर्ण केली.